बाळ टिपणीसांनी केलेली पत्रिका

बाळ टिपणीस माझ्या मैत्रिणीचे यजमान. माणूस सरळ, इतका सरळ की रस्ता वळला तरी हे वळणार नाहीत, समोरच्या भिंतीला जाऊन धडकतील. हे मी त्यांच्या तोंडावर कितीदा तरी सांगितलं होतं. ते हसायचे आणि म्हणायचे, द्रौपदीताई, तुम्ही मास्तरीण, तुम्हाला सगळ्यांच्या चुका दिसतात. मी उल्हासनगरच्या कॅम्प चारच्या शाळेत सव्वीस वर्षं मुलांच्या चुका काढल्या हे खरं आहे. पण या माणसाची जी एक चूक झाली ती मला दिसली नाही, आणि त्यांनाही दिसली नाही.

माझी मैत्रीण म्हणजे शीला. कॅम्प चारच्या टेकडीवर आमची दारं समोरासमोर होती. आमच्या दोघींच्या घरांनी छप्पन साली धम्म घेतला, त्यानंतर देव्हारे गेले, मुहूर्त गेले, पत्रिका तर कुणी उघडूनही पाहिल्या नाहीत. अशा घरातल्या मुलीने अंबरनाथच्या टिपणिसांच्या मुलाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा तिच्या वडिलांनी, भीमरावकाकांनी, जेवण सोडलं नाही पण बोलणं सोडलं. बाळभावजी स्वतः टेकडी चढून त्यांना भेटायला आले. शीलाने सगळ्यांसमोर त्यांना एकच अट घातली. मूल झालं तर त्याची पत्रिका करायची नाही, कधीच नाही. भावजी म्हणाले, एवढंच ना, दिला शब्द. मग भीमरावकाकांनी त्यांना चहा घ्या म्हटलं.

लग्नानंतर दोन वर्षांनी श्रद्धा झाली. मी दवाखान्यात शीलाच्या उशाशी होते. गुरुवारची रात्र उलटून पहाटेचे तीन झाले होते. घड्याळाच्या हिशोबाने शुक्रवार लागला होता, आणि नगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर शुक्रवारचीच तारीख आली. पण भावजींची थोरली बहीण उमाताई तिला पुढे कायम आमची गुरुवारची पोर म्हणत राहिली. आपल्याकडे उजाडेपर्यंत वार बदलत नाही. तेव्हा आम्ही या गोष्टीवर हसलो होतो.

उमाताईंबद्दल सांगायला हवं. स्वभावाने गरीब गाय. यांची पत्रिका कडक मंगळाची निघाली, स्थळामागून स्थळं गेली, आणि बाई अविवाहित राहिली. आणि याच बाईंनी पुढे घराच्या पुढच्या खोलीत वधूवर सूचक मंडळ काढलं. ज्या विळीने बोट कापलं तीच विळी घेऊन गावची भाजी चिरायला बसावं, तसं. मी एकदा त्यांना हे बोलले. त्या म्हणाल्या, अगं, निदान माझ्याकडे येणाऱ्यांना मी तोंडावर दार तरी लावत नाही.

शीला अठ्ठ्याण्णव साली मूत्रपिंडाच्या आजाराने गेली. तिच्यामागे तीन वर्षांनी भावजींचा कारखाना बंद पडला. अंबरनाथच्या त्या केमिकल कारखान्यात ते कॉम्प्युटर विभाग सांभाळत होते. पन्नाशीला आलेला माणूस घरी बसला, आणि त्याच सुमारास उमाताईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. पंचांगातली बारीक अक्षरं त्यांना दिसेनात. दर रविवारी उल्हासनगर, बदलापूरहून आईबाप येऊन बसायचे आणि उमाताई भिंग धरून चाचपडायच्या. भावजींना ते बघवेना. त्यांनी कॅम्प एकच्या एका सिंधी दुकानदाराकडून जुना कॉम्प्युटर आणला, त्यात हत्तीचं चित्र असलेला एक फुकटचा डेटाबेस घातला आणि मांडी ठोकून बसले.

मी त्यांना विचारलं, नावं-गावं लिहून ठेवायला एवढा खटाटोप कशाला. तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते मी शाळेतल्या मुलांना सांगावं तसं इथे सांगते. डेटाबेस म्हणजे कप्प्यांची मांडणी. कुठल्या कप्प्यात कुठल्या प्रकारची वस्तू जाणार हे आधी ठरवावं लागतं. त्याला आकडा कळतो, तारीख कळते, अक्षरं कळतात. दोन आकड्यांतला मोठा कुठला, दोन तारखांतली आधीची कुठली, हे त्याला न शिकवता येतं. पत्रिका म्हणजे काय हे त्याला येत नाही. पण या हत्तीची गंमत अशी की त्याला नवा प्रकार शिकवता येतो. तुम्ही पत्रिका नावाचा प्रकार बनवा, त्याला लागणारी गणितं लिहून द्या, मग तो आकड्यांइतक्याच सहज दोन पत्रिका शेजारी ठेवून जुळतात की नाही ते सांगेल.

प्रत्येक नव्या प्रकाराला म्हणे दोन दारवान लागतात. एक माणसाने लिहिलेलं वाचून आत घेणारा, आणि दुसरा आतलं काढून माणसाला दाखवणारा. भावजींनी सगळ्यात जास्त कष्ट या दारवानांवर घेतले, कारण त्यांना आपली माणसं ठाऊक होती. रात्री तीनला जन्मलेल्या मुलाची तारीख घरचे आदल्या दिवसाचीच सांगतात. चंद्राला आपल्या वारांचं देणंघेणं नाही, तो दिवसाला जवळपास एक नक्षत्र पुढे सरकतो, आणि नक्षत्र चुकलं की सगळी पत्रिका चुकली. म्हणून आतल्या दारवानाला त्यांनी शिकवलं की वेळ सूर्योदयाआधीची असेल तर तारखेत एक दिवस मिळवून आत ठेव. आणि बाहेरच्याला शिकवलं की दाखवताना तो दिवस वजा कर, म्हणजे माणसाला त्याने सांगितलेलीच तारीख दिसेल आणि तो गोंधळणार नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा असा खुलला होता की शीला गेल्यानंतर मी त्यांना इतकं खूश प्रथमच पाहिलं. उमाताईंनी जुन्या पत्रिका एकेक करून पडताळून बघितल्या. सगळ्या बरोबर निघाल्या.

मला मात्र राग आला होता, आणि तो मी लपवला नाही. शीलाच्या फोटोसमोर बसून हा माणूस यंत्राला नाडी आणि गण शिकवत होता. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, मी शब्द श्रद्धाच्या पत्रिकेबद्दल दिला होता, ताई, गावाच्या नाही. आणि हे काही शास्त्रबिस्त्र नाही, नुसतं गणित आहे. उमाताईंचे डोळे वाचत होते, आणि भावजी पुन्हा माणसांत आले होते. अशा वेळी माझ्यासारखीची जीभही जरा अडखळते.

श्रद्धा तोवर पंचवीस वर्षांची झाली होती. बदलापूरला एका ऑफिसात हिशोब बघायची. रंगाने आईसारखी, बोलण्यात बापासारखी सरळ. त्याच ऑफिसात यज्ञेश वैद्य नावाचा मुलगा होता. दोन वर्षं दोघं एकत्र डबा खात होती, आणि श्रद्धाने ते घरी लपवलं नव्हतं. मुलगा मला आवडला होता. थोडा बापाच्या धाकातला वाटला, पण श्रद्धाकडे बघताना त्याच्या चेहऱ्यावर जे दिसायचं ते खोटं नव्हतं. तिला त्याच्याशीच लग्न करायचं होतं, दुसऱ्या कुणाशी नाही. एवढीच गोष्ट होती, आणि एवढ्याच गोष्टीवर पुढचं सगळं उभं राहिलं.

यज्ञेशचे वडील श्रीपाद वैद्य. एका कारखान्यात अधिकारी होते, निवृत्त होऊन बदलापूरला सोनिवलीच्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता. त्यांना मुलीची आई कोण होती हे पहिल्याच दिवशी कळलं. आम्ही तसलं काही मानत नाही हो, असं ते स्वतःहून म्हणाले. माझा अनुभव असा की जो विचारलं नसताना हे सांगतो, तो मानतो. मग हळूच म्हणाले, फक्त पत्रिका बघायची आमच्याकडे रीत आहे, पत्रिका जुळली तर माझं काहीही म्हणणं नाही. यज्ञेशने त्यांना हे दोनदा वदवून घेतलं. त्या पोराला वाटलं की बापाला शब्दात बांधलं.

श्रद्धाची पत्रिका नव्हतीच. भावजी म्हणाले, करतो.

उमाताई त्यांना म्हणाल्या, "बाळ, शीलाला शब्द दिलायस."

"अक्का, शीलालाही पोरीचं सुख हवं असतं. आणि मी काय भटजीकडे चाललोय? माझ्याच यंत्रात घालतोय."

मला वाटतं, त्यांना मनातून वैद्यांची जिरवायची होती. माणूस कारणं शोधतोय, तर त्याच्या हाती एकही कारण राहू द्यायचं नाही. यंत्र कुणाच्या बाजूचं नसतं, यंत्राने हो म्हटलं की वैद्य अडकले. हा त्यांचा हिशोब होता आणि तो सरळ माणसाचा होता.

रविवारी वैद्य बापलेक आले. मीही होते, श्रद्धाने मुद्दाम बोलावलं होतं. सगळ्यांसमोर भावजींनी श्रद्धाची नोंद केली. दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत ते आईबाप सांगतील ते लिहून घेत. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत त्यांनी सांगोवांगीवर भरवसा ठेवला नाही, कपाटातून जन्मदाखला काढला आणि त्यावरून तारीख घातली. पहाटे तीनची वेळ घातली. मग यज्ञेशची पत्रिका शेजारी लावली.

पडद्यावर आलं ते असं. चित्रा नक्षत्र, राक्षसगण. मुलगा देवगणाचा, मृग नक्षत्राचा. गुण अठराच्या आत, आणि दोघांची नाडी एकच. एकनाड म्हणजे काय हे मलाही ठाऊक होतं. ज्यांच्याकडे पत्रिका बघतात त्यांच्याकडे एकनाड निघाली की पुढचं कुणी ऐकत नाही, संतती टिकत नाही म्हणतात. भावजींनी नोंद पुन्हा तपासली. दाखल्यावरची तारीख, पडद्यावरची तारीख, दोन्ही एकच. त्यांना तिथेच कॉम्प्युटर बंद करून काहीतरी बिघडलंय म्हणता आलं असतं. दुसऱ्या कुणाही बापाने तेच केलं असतं. यांनी जे दिसलं ते वाचून दाखवलं.

श्रीपादरावांनी हात जोडले. ईश्वराची इच्छा, म्हणाले. एवढी गोड मुलगी, माझी काही हरकत नव्हती, पण तुमच्याच यंत्राने सांगितलं तर मी काय बोलणार. यज्ञेश श्रद्धाकडे बघत राहिला आणि मग बापामागून जिना उतरून गेला. आमच्या पोरीला त्या दिवशी राक्षसगण म्हटलं गेलं, तेही बापाच्या तोंडून. मला आजही ते आठवलं की डोकं फिरतं. श्रद्धा आत जाऊन पोळ्या लाटायला लागली. किती लाटल्या, कुणी खाल्ल्या नाहीत.

सहा महिन्यांत यज्ञेशचं लग्न झालं. पत्रिका जुळत होती म्हणे. श्रद्धाने ते ऑफिस सोडलं. घरात ती कामापुरतं बोलायची, बापाशी भांडायची नाही, आणि मला तीच गोष्ट जास्त खुपायची. तिला दुसरं स्थळ दाखवायची कुणाची छाती झाली नाही. भावजी तिला कधी जेवलीस का विचारायचे, ती हो म्हणायची, आणि तिथे त्यांचं संभाषण संपायचं.

मग कौसाबाई आल्या. बदलापूरच्या या बाई आवाजाने खणखणीत. मुलाचं नाव त्यांनी आठवड्यापूर्वी मंडळात घातलं होतं. माझ्या जयदेवचं नक्षत्र घरच्या पत्रिकेत पुष्य आहे आणि तुमचं यंत्र आश्लेषा म्हणतं, तुमचं यंत्र पिऊन बसलंय की काय, असं त्यांनी दारातूनच विचारलं. भावजींनी जन्मवेळ विचारली. रात्री दोन. तारीख कुठून सांगितली म्हणून विचारलं. कौसाबाई म्हणाल्या, कुठून म्हणजे, जन्मदाखल्यावरून, आता सगळीकडे दाखलाच लागतो ना.

मी तिथेच मटार सोलत बसले होते. भावजींचा चेहरा पांढरा पडत गेला तो मी पाहिला. दाखल्यावर घड्याळाची तारीख असते. ती आधीच बरोबर असते. दारवानाने मात्र शिकवल्याप्रमाणे तिच्यात आणखी एक दिवस मिळवला होता आणि मूल एक दिवस उशिरा जन्माला घातलं होतं. आणि बाहेरच्या दारवानाने तोच दिवस वजा करून, घातलेली तारीखच पुन्हा दाखवली होती. त्यामुळे बघणाऱ्याला चूक दिसणारच नव्हती. त्यांनी कौसाबाईंना हात जोडून घरी पाठवलं आणि श्रद्धाची नोंद उघडली. एक दिवस मागे घेतल्यावर नक्षत्र आलं हस्त. गण देव. नाडी वेगळी. यज्ञेशशी गुण तिशीच्या वर गेले. उमाताई म्हणाल्या, एवढी जुळणारी जोडी त्यांनी मंडळ काढल्यापासून क्वचितच पाहिली होती.

बैल गेला आणि झोपा केला. मी हे त्यांना म्हणाले नाही. माझ्याही तोंडाला काही ठिकाणी कुलूप आहे. ते उठले. म्हणाले, सोनिवलीला जाऊन वैद्यांना सांगून येतो. मी विचारलं, काय सांगणार, दुसऱ्याच्या मुलीचा संसार मांडलाय तिथे. ते पुन्हा खाली बसले. श्रद्धाला सांगावं लागेल, म्हणाले, आणि तुम्ही थांबा, ताई. मी थांबले.

श्रद्धा संध्याकाळी आली. भावजींनी तिला काही न गाळता सगळं सांगितलं. दारवान, दाखला, एक दिवस, हस्त नक्षत्र, तीसच्या वर गुण. त्यांना कुठल्याही सबबीची गरज वाटली नाही. ते प्रत्येक पायरी समजावत होते, जणू तिला गणित कळलं की तिचं दुःख कमी होईल.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, एका दिवसाचं काय घेऊन बसलात? माझी पत्रिका नव्हतीच. आईने होऊ दिली नव्हती. तुम्ही केलीत."

"तो माणूस पत्रिकेशिवाय ऐकत नव्हता, बेटा."

"मग नसता ऐकला. नाही म्हणायला त्याला स्वतःचं तोंड उघडावं लागलं असतं. यज्ञेशलाही कळलं असतं की त्याचे पप्पा कशाला नाही म्हणतायत. कदाचित तो उभा राहिला असता. आता मला कधीच नाही कळणार. जी पत्रिका नव्हती, तिच्यात एकनाड कुठून निघाली असती?"

ती रडली नाही. भावजी रडले. मी या माणसाला शीलाच्या मयताला रडताना पाहिलं होतं, पण ते रडणं वेगळं होतं. शीला गेली त्यात त्यांचा हात नव्हता. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तेवढ्यात मला शीलाचाही राग आला, की ती हे सगळं माझ्यावर टाकून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर ते कॉम्प्युटरसमोर होते. दारवान दुरुस्त करायला अर्धा तास लागला असता, त्यांनीच सांगितलं, दाखल्यावरची तारीख की घरची, एवढं विचारलं की झालं. पण त्यांना दुरुस्त करायचं नव्हतं. पत्रिका हा प्रकारच काढून टाकायचा होता. त्यांनी उमाताईंना विचारलं. उमाताईंनी हातातलं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाल्या, टाक काढून, उंची, शिक्षण आणि स्वभाव बघून जमलं तर जमेल, नाही तर मंडळ बंद करू. ज्या गोष्टीने त्यांचं आयुष्य गेलं ती त्यांनी एवढ्या साध्या शब्दांत सोडली.

भावजींनी आज्ञा दिली. यंत्राने ती मानली नाही. इतर गोष्टी यावर अवलंबून आहेत, असं ते पडद्यावर म्हणालं, आणि खाली त्या गोष्टींची यादी आली. नोंदींच्या तक्त्यातला रकाना. गुण काढणारं गणित. नाडी बघणारं गणित. दोन पत्रिका शेजारी ठेवून जुळवणारी खूण. भावजींनी मला ती यादी एकेक ओळ वाचून दाखवली. सगळ्यांसकट काढायचं असेल तर आज्ञेच्या शेवटी एक शब्द जोडावा लागतो, तो त्यांनी जोडला. पण बटण दाबायच्या आधी ते पुन्हा यादीकडे बघत बसले.

मी म्हटलं, काय राहिलं आता?

"श्रद्धा या यादीत नाही, ताई," ते म्हणाले. "यंत्राला ती दिसलीच नाही."

मग त्यांनी बटण दाबलं. रकाना गेला, गणितं गेली. आतल्या खोलीत श्रद्धा पुण्याच्या नोकरीसाठी बॅग भरत होती, आणि भावजी उठून तिला कपड्यांच्या घड्या करून द्यायला गेले.